मास्तरांचा पंधरवड्याचा राजीनामा

कारखान्यात मला सगळे पगारबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे नको. आमचा कारखाना दप्तरांचा आणि प्रवासी बॅगांचा. खाली कापणी, शिलाई आणि पॅकिंग, वर मालकांची केबिन, आणि जिन्याखाली जी कोंदट जागा उरते तिला खिडकी पाडून तिथे मला बसवलेलं. पगार हल्ली बँकेत जमा होतो. त्याची चिठ्ठी फोनवर येते. तरी पगाराच्या दिवशी माझ्या खिडकीसमोर रांग लागते म्हणजे लागतेच. छापील चिठ्ठी हातात घ्यायची, डोळे बारीक करून वाचायची, "हे काय कापलंय?" असं विचारायचं, आणि मी "मागच्या वेळी कापलं होतं तेच" असं म्हणायचं. एवढं झाल्याशिवाय पगार झाल्यासारखं कोणालाच वाटत नाही. मलाही नाही वाटत, खरं सांगायचं तर.

या रांगेत सगळ्यात शेवटी मास्तर. मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचे साचे मांडून खडूनं आखायचं आणि मशीननं एकदम कापायचं, हे त्यांचं काम. एक रेघ चुकली की गठ्ठाभर दप्तरं वाकडी. मास्तरांची रेघ चुकत नाही, आणि चुकत नाही हे ते कोणाला विसरूही देत नाहीत.

तर मास्तर माझ्याकडून चिठ्ठी घेणार, न वाचता घडी घालून खिशात टाकणार, आणि सगळ्या मशीनांवरून ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार, "पगारबाई, हा माझा शेवटचा पगार. उद्यापासून मी येत नाही."

मी विचारायचं, "कारण?"

मग कारण. पंखा करकरतो, माणूस काम करणार कसा. चहा आहे की कोमट पाणी, तेच कळत नाही. टेबलावरचा दिवा मिचमिचतो. कारण सांगून झालं की मास्तर आपली मोठी कात्री फडक्यात गुंडाळून कापणीच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. हा बाक बरोबर माझ्या खिडकीसमोर. थोड्या वेळानं मालक जिन्यावरून खाली यायचे, त्यांच्या शेजारी बसायचे. मशीनं धडधडत असायची, त्यामुळे बोलणं काही ऐकू यायचं नाही. मालक हातवारे करायचे, मास्तर मान हलवायचे. चांगली अर्ध्या तासाची बैठक. मग दोघं उठायचे, मालक वर, मास्तर टेबलापाशी, आणि दुसऱ्या दिवशी पंख्याला तेल.

हे इतकी वर्षं चाललं होतं की कारखान्यानं त्याची सोय करून घेतली होती. कोणाला काही हवं असलं की वर जाऊन सांगायची गरज नाही. मास्तरांच्या कानावर घालायचं. आमच्याकडे एक चेनवाली आहे, बॅगांना चेन लावते म्हणून चेनवाली, तिची जीभही तशीच, एकदा उघडली की शेवटपर्यंत जाणार. ती महिना भरत आला की टेबलापाशी जायची. "मास्तर, या खेपेला बायकांच्या मोरीचा नळ घ्या हो तुमच्यात. टपटपून डोकं उठलंय."

"माझ्याकडे आधीच चहा आहे या महिन्यात."

"चहा काय, पुढच्या महिन्यात ठेवा."

आणि मास्तर नळासाठी राजीनामा द्यायचे. बायकांच्या मोरीच्या नळासाठी! इतक्या पोटतिडकीनं की जणू त्या नळाखाली रोज तेच उभे राहतात.

मग मालकांच्या छातीत दुखलं. जिवावरचं निभावलं, पण डॉक्टरांनी सक्त सांगितलं की आता दगदग नको, कारखान्याचा विषयसुद्धा कानावर पडायला नको. त्यांना थोरल्या मुलाकडे नेलं, लांबच्या शहरात. कारखाना धाकट्या लेकीच्या गळ्यात पडला. ती आधी कुठल्या तरी मोठ्या कंपनीत होती. आम्ही तिला ताई म्हणतो. लहानपणी ती कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायची, मास्तरांच्या खडूनं भिंतभर घोडे काढायची. आता तीच वरच्या खुर्चीत. पोरगी हुशार, मनानं चांगली, आणि जे करायचं ते पुस्तकातल्यासारखं नीट करायचं, हा एवढाच काय तो दोष.

आल्या आल्या तिनं पाहिलं की शिलाईच्या बाया टिकत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात दर दोन आठवड्यांनी पगार होतो, तिकडे जातात. आणि ज्या टिकतात त्या महिन्याच्या शेवटी माझ्या खिडकीशी उभ्या. "पगारबाई, थोडी उचल द्या ना, घरात तेल संपलंय." उचल देऊन देऊन आणि कापून कापून माझं डोकं फिरायची वेळ आलेली. ताईनं ठरवलं, आपणही महिन्याचा पगार बंद करायचा. एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार पगार.

पॅकिंगच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना जमवून तिनं हे सांगितलं. पहिली चेनवाली बोलली. "घरभाडंही तसंच दोन भागांत द्यायचं का?"

"ते तुमच्या घरमालकाला विचारा," ताई म्हणाली.

"त्याला विचारलं तर तो आठवड्याला मागेल!"

पॅकिंगवाले काका म्हणाले की अर्धा पगार म्हणजे खिशात आला तसा गेला, सासुरवाडीचा पाहुणासुद्धा त्याहून जास्त टिकतो. मग ताईनं समजावलं की वर्षाला पैसे तेवढेच, फक्त वर्षातून दोन महिने असे येतील की त्यात पगाराचे शुक्रवार तीन असतील. यानंतर कोणी काही ऐकलं असेल तर शपथ. "तीन" म्हटल्याबरोबर पुरुषांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की चेनवाली तिथल्या तिथे ओरडली, "ताई, हे आमच्या घरी कळवायची जबाबदारी ऑफिसनं घ्यावी! नाहीतर तो तिसरा शुक्रवार घरापर्यंत पोचायचा नाही."

माझ्या घरीही तेच. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या खात्यात, त्यांचा पगार महिन्याचा. रात्री जेवताना मी सगळं नीट सांगितलं. ह्यांनी शांतपणे घास गिळला आणि विचारलं, "म्हणजे तो तिसरा कधी?" सासूबाईंनी तर हातच जोडले. त्यांचं म्हणणं, एका महिन्यात एकदा हिशेब करताना तुम्ही दोघं घर डोक्यावर घेता, आता माझ्या म्हातारीच्या कानांनी किती वेळा सोसायचं. अगदीच चूक नव्हतं त्यांचं.

पण सगळ्यात जास्त विरोध केला तो मास्तरांनी. त्या सभेत ते मागे उभे होते. "दोन आठवड्यांत काय होतं?" ते म्हणाले. "माणसाला जरा वेळ नको?"

"मास्तर, बचत होईल तेवढीच," ताई म्हणाली.

"पैशांचं कोण बोलतंय इथे!"

ताईला काही उमगलं नाही. आम्हाला सगळ्यांना उमगलं. चेनवालीनं पदर तोंडात कोंबला. वर्षाला बारा राजीनामे माणूस कसाही उभा करेल, पण आता पगार सव्वीस. इतका संताप आणायचा कुठून? तोही प्रत्येक वेळी ताजा!

पहिला दोन आठवड्यांचा शुक्रवार आला तेव्हा मास्तरांची अवस्था बघवत नव्हती. मालकांनी जाण्याआधी दिवा बदलून दिला होता, चहाला नवीन माणूस आला होता, पंखा मुकाट फिरत होता. सकाळपासून मास्तर कापणीत फेऱ्या मारत होते. चेनवाली मदतीला गेली. "मास्तर, आमच्या मोरीत आरसा नाही."

"आरशासाठी राजीनामा? मी?"

"मग काहीच नाही या खेपेला?"

"थांब गं. सापडेल काहीतरी."

संध्याकाळी रांग लागली. नव्या पद्धतीचा पहिलाच पगार, आणि ताई आल्यापासूनचाही पहिलाच, म्हणून ती स्वतः माझ्या खोपटात येऊन माझ्यामागे उभी राहिली होती, चिठ्ठ्या बरोबर जातात की नाही ते बघायला. मास्तर शेवटी आले. चिठ्ठी घेतली, घडी घातली, खिशात टाकली. ताईकडे त्यांनी पाहिलं. एक क्षण वाटलं, राहू देतील. पण सगळा कारखाना माना वळवून वाट बघत होता, आणि इतक्या वर्षांची सवय.

"पगारबाई, हा माझा शेवटचा पगार. उद्यापासून मी येत नाही. ते स्टूल डुगडुगतं. असल्या स्टुलावर बसून माझ्यानं काम होणार नाही."

मी "कारण" विचारायच्या आतच त्यांनी कारण सांगून टाकलं, यावरून काय ते समजा. मी तोंड उघडणार, तोच ताई पुढे झाली. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं मास्तरांचा हात हातात घेतला.

"मास्तर," ती म्हणाली, आणि पोरीचे डोळे खरंच भरून आले होते, "तुम्ही या कारखान्यासाठी खूप केलंत. तुम्हाला आता विश्रांती हवी असं वाटत असेल तर मी अडवणार नाही. पुढच्या पगारापर्यंत तेवढे थांबा. तुमचा सगळा हिशेब मी चोख करते, आणि आपण सगळे मिळून तुम्हाला छान निरोप देऊ."

रांगेत सुई पडली असती तरी ऐकू आली असती, आणि आमच्याकडे सुया सारख्या पडत असतात. "बरं," मास्तर म्हणाले. बाकावर जाऊन बसले. वरून कोणी उतरलं नाही. बराच वेळ बसून शेवटी ते घरी गेले.

मी काय गप्प बसणारी आहे? तशीच जिना चढून वर. "ताई, अगं काय केलंस हे! ते राजीनामा देत नसतात. ते रागावतात."

"मग रागावलो म्हणायचं. राजीनामा कशाला म्हणायचं?"

"दर पगाराला म्हणतात. मग तुझे बाबा खाली जाऊन त्यांची समजूत घालायचे."

ताईनं कपाळाला हात लावला. "पगारबाई, दर दोन आठवड्यांनी एका माणसाची समजूत घालत बसायला मला सवड आहे का? त्यांना राहायचं असेल तर त्यांनी येऊन एवढंच म्हणावं, ताई, मला राहायचंय. मी आनंदानं ठेवते. एक वाक्य म्हणायला काय हरकत आहे?"

तिच्याकडून बघितलं तर तिचंही खरं. मी खाली आले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना गाठलं. "मास्तर, एक वाक्य बोला. माझ्यासाठी बोला."

"मी जाऊन पाया पडू?"

"पाया पडायला कोण सांगतंय? राहायचंय म्हणा."

"बोलावणं तिकडून यायला हवं. तशी रीत आहे." आणि मास्तरांनी कात्री पुसायला घेतली, म्हणजे विषय संपला. एकीकडे वर ती अडून बसलेली, एकीकडे खाली हे, आणि मधे जिन्याखाली मी. माझा संताप संताप झाला. दोघांच्या एकेक ठेवून द्यावी असं वाटलं, पण एकीचा हुद्दा मोठा आणि एकाचं वय.

सोमवारी ताईनं मास्तरांसाठी नवी खुर्ची पाठवली. चाकांची, गादीची, पाठीला आधार असलेली. "जाईपर्यंत तरी नीट बसा" असा निरोप. मास्तर आखायला पुढे वाकले की खुर्ची मागे पळायची. दोनदा तर ते टेबलावर आणि खुर्ची भिंतीपाशी. एरवी सगळे पोट धरून हसले असते. त्या दिवशी कोणी हसलं नाही, चेनवालीसुद्धा नाही. दुपारी मास्तरांनी गुपचूप जुनं स्टूल परत आणलं आणि त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला.

ते दोन आठवडे असे गेले म्हणून सांगू. लोक सवयीनं मास्तरांकडे जायचे, "मास्तर, खिडकीची फळी आपटते हो," आणि मधेच थांबायचे. मास्तर म्हणायचे, "आता माझ्याकडे कशाला? मीच निघालो." फळी आपटत राहिली. वर जाऊन सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

आणि वर तरी काय बरं चाललं होतं? एका गिऱ्हाइकानं दप्तरांची अख्खी खेप परत पाठवली. कापड ठरलं होतं त्या रंगाचं नाही म्हणे. दुसऱ्याकडे पैसे अडकले. पूर्वी महिन्यातून एकदा पगाराची तजवीज करावी लागायची, आता दोन आठवड्यांत पुन्हा. ताई जिन्यात उभी राहून फोनवर बोलायची, हळू, गोड आवाजात, आणि फोन ठेवला की कठड्याला धरून तशीच उभी राहायची. तिचा डबा दुपारी जसा वर जायचा तसाच संध्याकाळी खाली यायचा. मी दोनदा म्हटलं, "खाऊन घे गं." ती म्हणाली, "हो हो."

निरोपाची तयारी मात्र जोरात. चेनवालीनं ठरवलं की मास्तरांना आपण सगळ्यांनी शिवलेली बॅग द्यायची. उत्तम कापड आणलं, पण कापणार कोण? कापणीत दुसरं कोणी नाहीच. शेवटी तो तुकडा एक नमुन्याची ऑर्डर म्हणून मास्तरांपुढेच ठेवला. "कोणाची ही एकुलती एक ऑर्डर?" मास्तर कुरकुरले. "आणि हा साचा कोणी केला? बाजू अर्धा इंच वाकडी आहे. ज्याच्या खांद्याला लागेल तो शिव्या देईल." त्यांनी साचा सुधारला, कापून दिलं. बाया शिवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. एकीच्या तर सुई बोटातच गेली.

शुक्रवार आला. संध्याकाळी लवकर मशीनं बंद केली. इतकी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती. पॅकिंगच्या टेबलावर केक, त्याच्या शेजारी ती बॅग. आधी पगार, मग समारंभ, असं ताईनं ठरवलेलं. रांग लागली, चिठ्ठ्या गेल्या, आज "हे काय कापलंय" असं एकानंही विचारलं नाही. शेवटी मास्तर. चिठ्ठी घेतली, घडी घातली, खिशात टाकली. तोंड उघडलं, आणि मिटलं. काय म्हणणार बिचारे? म्हणायचं ते मागच्या वेळी म्हणून झालं होतं. कात्री फडक्यात गुंडाळून ते बाकावर जाऊन बसले.

ताई खाली आली. हातात त्यांच्या हिशेबाची फाइल. बाकाशी आली तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं बघितला, कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग ती मास्तरांच्या शेजारी मटकन बसली. फाइल मांडीवरच राहिली.

"मास्तर, एक विचारू?" ती म्हणाली. मशीनं बंद होती, शब्दन् शब्द माझ्या खिडकीत येत होता. रांगेतले लोकही जागचे हलले नाहीत. "मी हे सगळं बंद केलं तर? तुम्ही चाललातच आहात म्हणून तुम्हाला विचारते. कोणाला सांगू नका. पगाराचा दिवस जवळ आला की रात्रभर आकडे मांडत बसते, जुळतच नाहीत. आणि तो दिवस मीच दुप्पट करून ठेवलाय. माझ्यानं नाही होत हो. बाबांना कसं जमायचं कोण जाणे. ते कधी घाबरलेले मी पाहिलेच नाहीत."

मास्तर तिच्याकडे वळले. आल्यापासून ते तिला अहोजाहो करत होते, चारचौघांत मालकीण म्हणून. आता एकदम लहानपणीच्या 'अगं'वर आले.

"अगं, कसलं जमायचं? तुझा बाप दर पगाराला इथे येऊन हेच म्हणायचा. बास झालं, मशीनं विकतो, कुलूप लावतो. हातवारे करून करून सांगायचा."

"बाबा? पण ते तर तुमची समजूत घालायला यायचे. पगारबाई म्हणाल्या."

"पगारबाईंना खिडकीतून दिसतं. ऐकू कुठे येतं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आता मधे बोलले असते तर चेनवालीनं माझं तोंड दाबलं असतं. "मालकानं कामगारापाशी येऊन रडायचं म्हणजे कसं दिसेल? त्याला खाली यायला निमित्त नको? म्हणून मी आपला पंख्यावर रागवायचो. नळावर रागवायचो."

"मग तुम्ही काय सांगायचा त्यांना?"

"मी कुठला शहाणा सांगणारा! मी म्हणायचो, कर बंद. फक्त आधी माझा राजीनामा मंजूर कर, मी गेलो की मग कुलूप लाव. तो म्हणायचा, तुझा कसा घेऊ रे? मी म्हणायचो, मग चल, उठ." मास्तरांनी फडक्याची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "एवढ्या वर्षांत त्याची छाती झाली नाही घ्यायची. तू एका मिनिटात घेतलास."

ताईचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ती रडायला लागली, लहान पोरं रडतात तशी, नाक वर ओढत. मलाही रडू आलं. रांगेत कोणाला येत नव्हतं ते विचारा. इतकी वर्षं मी त्या खिडकीत बसून दोन म्हाताऱ्यांची गंमत बघत होते, आणि त्या बाकावर आम्हा सगळ्यांच्या चुली शाबूत राहत होत्या.

बऱ्याच वेळानं ताईनं डोळे पुसले. मांडीवरची फाइल तिनं उलटी करून बाकाखाली सरकवली.

"मास्तर, मी राजीनामा मंजूर करत नाही."

"आता? केक आणलाय म्हणे."

"केक खाऊ."

"आणि कारखाना? बंद करणार होतीस ना आत्ता?"

"कसा करू?" ताई म्हणाली. "तुम्ही अजून कामावर आहात."

डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून मास्तर छताकडे बघायला लागले. पॅकिंगवाले काका पटकन टाळ्या वाजवायला निघाले होते, चेनवालीनं त्यांचा हात धरला.

"आणि पुन्हा असं वाटलं तर?" ताईनं हळूच विचारलं.

"वाटणारच. पुढचा पगार कधी आहे?"

"एक शुक्रवार सोडून."

मास्तरांनी मनाशी जरा हिशेब केला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "तुझ्या बापाला बिचाऱ्याला महिनाभर कळ काढावी लागायची."